मुलांसाठी घरचा रस : काय द्यावा, किती द्यावा, कशात ठेवावा



उन्हाळा चढू लागला की आपल्या कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. बोंडअळी आणि खताची मात्रा मागे पडते आणि घरातल्या मुलांचे प्रश्न येऊ लागतात. पोरं उन्हातून येतात, काहीतरी थंड मागतात, दुकानात रंगीत बाटली दहा-वीस रुपयांना मिळते. त्याऐवजी घरी काय करून द्यावे? बागेत मोसंबी आहे, बांधावर आंबा आहे, परसात लिंबू आहे. मग पैसे का घालवायचे? प्रश्न अगदी रास्त आहे. दुकानात ज्याला फळांचे पेय म्हणून विकतात, त्यात फळांचा रस शंभरात दहा भाग असला तरी कायद्याने चालते. लिंबाच्या पेयात तर पाच भागही पुरतात. उरलेले काय, तर पाणी, साखर, रंग आणि वास. आपण शेतकरी फळ विकतो आणि घरी पोरांसाठी रंगवलेले साखरपाणी आणतो, हे मनाला पटत नाही.

पण कृती सांगण्याआधी गेल्या मे महिन्यातली एक गोष्ट सांगतो. माझ्या मते सगळ्या कृतींपेक्षा ती महत्त्वाची आहे.

अंबड भागातल्या एका वस्तीवर मोसंबीची फळगळ पाहायला गेलो होतो. दुपारचे दोन वाजले असतील. बाग पाहून ओट्यावर टेकलो, तोच घरातल्या मावशींनी लिंबाच्या सरबताचा पेला हातात दिला. "घ्या साहेब, घरच्याच लिंबाचं आहे." सरबत झकास झालं होतं. अर्धा पेला पोटात गेला, तेवढ्यात त्यांचा पाच-सहा वर्षांचा नातू आतून पांढरा लिटरभराचा डबा घेऊन आला आणि आपल्या फुलपात्रात सरबत ओतू लागला. त्या डब्याचे टोपण मी ओळखले. रोज बांधावर तेच पाहतो ना! लेबल खरवडून काढलेले होते, पण रंगीत त्रिकोणाचा एक कोपरा चिकटून राहिला होता.

मी विचारले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "तीनदा राखेनं घासलाय, दोन दिवस उन्हात ठेवलाय. वाससुद्धा येत नाही बघा." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. वास खरोखर येत नव्हता. मालक मात्र खाली मान घालून बसले होते, कारण डबा शेतातून घरी आणला होता त्यांनी.

आधी बाटली, मग रस

मंडळी, औषध संपले म्हणजे डबा रिकामा झाला असे आपल्याला दिसते. प्रत्यक्षात प्लॅस्टिकच्या अंगात औषध मुरलेले असते. टोपणाच्या आट्यांत आणि झाकणाच्या आतल्या चकतीत ते साठून राहते. राखेने वरचा थर निघतो, मुरलेले निघत नाही. त्यात लिंबाचे, कैरीचे आंबट सरबत आठ-पंधरा दिवस भरून ठेवले, की मुरलेले औषध थोडे थोडे सरबतात उतरू शकते. मोठ्या माणसाला जेवढ्याने काही जाणवणार नाही, तेवढे दहा-बारा किलो वजनाच्या पोराला बाधू शकते. वास नाही म्हणजे विष नाही, हा हिशेब येथे चालत नाही. कित्येक औषधांना नाव घेण्यासारखा वासच नसतो.

तेव्हा रिकाम्या डब्याचे काय करायचे, हे शेतातच उरकावे. औषध टाकीत ओतल्यावर डबा तीन वेळा पाण्याने खळखळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. मग डब्याला विळ्याने किंवा खिळ्याने भोके पाडावीत, म्हणजे तो पुन्हा कुणी वापरणार नाही, आणि वस्तीपासून, विहिरीपासून दूर खड्डा करून पुरावा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही वापरलेली वेष्टने फोडून वस्तीपासून दूर पुरावीत असेच सांगितले आहे. बायाबापड्यांना दोष देऊ नये. चांगला घट्ट टोपणाचा डबा समोर दिसला, तर कोणतीही काटकसरी बाई तो ठेवूनच घेणार. डबा घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ न देणे हे फवारणाऱ्या माणसाचे काम आहे.

त्या दिवशी आम्ही तो डबा तिथेच फोडला. सरबत खड्ड्यात ओतले. नातवाने भोकाड पसरले, आणि त्याला नवीन सरबत करून देईपर्यंत मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत.

रस कशात ठेवावा? काचेची बरणी सर्वांत उत्तम. बरणी साबणाने धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, उलटी ठेवून पूर्ण कोरडी करावी. चिनी मातीची लोणच्याची बरणी चालते, पण तिचा लोणच्याचा वास रसाला लागतो. तात्पुरते ठेवायला स्टीलचे भांडे चांगले. तांब्या-पितळेचे भांडे मात्र आंबट रसाला कधीही वापरू नये. पितळेत ताक ठेवले की कळकते हे आपल्या आजीलाही ठाऊक होते; लिंबाचा, कैरीचा रस ताकापेक्षा जास्त आंबट आहे. पूर्वी भांड्यांना वेळच्या वेळी कल्हई होत असे. आता कल्हईवाला वर्षातून एकदाही गावात फिरकत नाही. ॲल्युमिनियमच्या पातेल्यातही आंबट रस रात्रभर ठेवू नये.

कोणत्या वयाला किती

येथे आमच्या काही भगिनींची थोडी निराशा होईल. रस ही पौष्टिक वस्तू आहे आणि जितका द्यावा तितका चांगला, असा समज सर्वत्र आहे. तो पूर्णपणे खरा नाही.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध. रस नाही, वरचे पाणीसुद्धा नाही. उन्हाळा असला तरी नाही, कारण दुधात पाणी असतेच. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करताना फळ द्यावे, पण कुस्करून द्यावे: पिकलेले केळे, चिकू, पपई. रस गाळून पाजू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवण्याची पद्धत काही घरांत आहे, तीही टाळावी. मधातल्या काही जंतूंचे बीज मोठ्यांना बाधत नाही, तान्ह्याला मात्र गंभीर आजार करू शकते.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये याबद्दल मर्यादा सांगून ठेवल्या आहेत. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला रस नको. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला १२५ मिलिलिटरपर्यंत, म्हणजे साधारण अर्धे फुलपात्र. पाच वर्षांवरील मुलाला २५० मिलिलिटरपर्यंत, म्हणजे एक फुलपात्र. तोही शक्यतो ताजा काढलेला. ही वरची हद्द आहे, रोज गाठायचे लक्ष्य नव्हे.

असे का? मोसंबीचेच पाहा. एक पेला रस काढायला तीन-चार फळे लागतात. पोराच्या हातात सोललेली मोसंबी दिली तर ते एक खाईल, फार तर दीड. चावून खाल्ल्याने पोट भरल्याचे कळते आणि फोडींतला चोथा पोट साफ ठेवतो. रसात आपण चोथा गाळून टाकतो, तीन-चार फळांची साखर मात्र एका दमात पोटात घालतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेविषयी मार्गदर्शन केले, तेव्हा फळाच्या रसातली साखरही वरून घातलेल्या साखरेच्याच रकान्यात धरली, ती याच कारणाने. दात किडण्याच्या दृष्टीनेही तेच. बाटलीने चोखत चोखत रस पिणारे आणि तोंडात बाटली धरून झोपणारे मूल पुढचे दात लवकर गमावते. रस पेल्यातून द्यावा, एकदाच द्यावा आणि वर चूळ भरायला लावावी.

म्हणून दात आलेल्या, चावता येणाऱ्या मुलाला आधी फळ. रस केव्हा? फळ तसेच खाता येत नाही तेव्हा (कैरी, लिंबू, चिंच), किंवा बाजार पडला, माल निघाला नाही आणि घरात फळ शिल्लक राहिले तेव्हा.

खाली पडलेले फळ घ्यावे की नाही

हा प्रश्न बागायतदारांकडून हमखास येतो. चांगला माल बाजारात जातो, घरच्या पोरांना पाडाचा किंवा खाली पडलेला मिळतो. त्यात वाईट काही नाही, पण फळ का पडले हे पाहिले पाहिजे.

वळवाच्या वाऱ्याने पडलेली कैरी निरोगी असते. त्याच दिवशी वेचून आणावी, धुवावी, आपटून फुटलेला भाग कापून टाकावा आणि खुशाल वापरावी. दोन दिवस मातीत पडून राहिलेली कैरी मात्र गुरांनाही घालू नये.

मोसंबीचे तसे नाही. मोसंबी बहुधा वाऱ्याने पडत नाही, ती कशाने तरी बिघडून पडते. पिकायला आलेले फळ हातात घेऊन नीट पाहा. टाचणीने टोचल्यासारखे एक बारीक भोक दिसेल, भोवती पिवळसर मऊ डाग असेल, दाबल्यावर भोकातून रस येईल. हे रस शोषणाऱ्या पतंगाचे काम. पतंग रात्री येतो, सोंड खुपसून रस पितो आणि त्या भोकातून बुरशी व जंतू आत शिरतात. फळ वरून चांगले दिसते, आत आंबायला सुरुवात झालेली असते. असे फळ पोरांच्या रसाला घेऊ नये. अशी फळे रोज वेचून खोल पुरावीत, नाहीतर पुढच्या पतंगांना त्यांच्या वासाचे आमंत्रण मिळते. जाता जाता सांगतो, या पतंगाची अळी मोसंबीवर वाढत नाही, ती कुंपणावरच्या गुळवेल, वासनवेल यांच्यावर वाढते. कुंपण साफ केले तर पुढच्या हंगामात फळगळ कमी दिसेल.

पाखराने किंवा वटवाघळाने चोच-दात लावलेले फळ कितीही गोड असले तरी टाकून द्यावे.

आता फवारणी. औषधाच्या माहितीपत्रकात शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलेले असते. हे दिवस बाजारात जाणाऱ्या मालासाठी जितके पाळायचे, तितकेच घरच्या पोरांसाठी. आपण परवा फवारलेल्या झाडाचे फळ गिऱ्हाइकाला देत नाही, पण पोरगा झाडावर चढून काढतो तिकडे लक्ष नसते. धुतल्याने काय होते? वरून बसलेले औषध बरेचसे निघते. म्हणून फळ वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवावे, आणि रस काढायच्या आधी, सालीसकट धुवावे. कापताना सुरीबरोबर सालीवरचे आत जाते. आंतरप्रवाही औषध मात्र झाडाच्या रसातून फळात गेलेले असते, ते मिठाच्या पाण्याने, सोड्याने, कशाने निघत नाही. त्याला दिवस जाऊ देणे हाच उपाय.

पिकवण्यासाठी कार्बाइडची पुडी ठेवलेले आंबे घरात वापरू नयेत आणि विकूही नयेत. कार्बाइडने फळ पिकवण्यास आपल्याकडे बंदी आहे. त्या पावडरीत आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असू शकतो. गवताची अढी घालून आंबा चार दिवस उशिरा पिकेल, पण पोराच्या तोंडी निर्धास्तपणे देता येईल.

पाणी आणि बर्फ

सरबतात फळ चमचाभर आणि पाणी पेलाभर, तेव्हा खरी काळजी पाण्याची. पाणी चांगले खळखळ उकळून, झाकून निववावे. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली असली तरी मुलांच्या सरबताला उकळलेलेच वापरावे. निवल्यावर माठात ओतावे आणि माठातून लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. पाणी उकळून घेतले आणि पेला हातासकट माठात बुडवला, तर सरपण फुकट गेले.

बाजारातला लादीचा बर्फ घालू नये. मासे, दूध, शीतपेयांच्या बाटल्या थंड ठेवण्यासाठी तो केलेला असतो, पिण्यासाठी नव्हे. पोत्यात गुंडाळून, भुश्शात ठेवून तो गावात येतो, हे आपण पाहतोच. माठातल्या पाण्याचे सरबत पुरेसे गार लागते.

मोसंबीचा रस कडू का होतो

सकाळी काढलेला मोसंबीचा रस दुपारी कडू लागतो, अशी तक्रार बऱ्याच भगिनींनी कळवली आहे. एकीने तर जावेने काही घातले काय, असा संशय घेतला! तसे काही नसते. मोसंबी-संत्र्याच्या बियांत आणि फोडीवरच्या पांढऱ्या पापुद्र्यात एक पदार्थ असतो. तो फळात कडू नसतो. रस निघाला, की रसाच्या आंबटपणाने त्याचे हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात रूपांतर होते. मिक्सरमध्ये बिया भरडल्या गेल्या तर कडवटपणा लगेच येतो, हाताने पिळला तर उशिरा, आणि तापवला तर फार लवकर.

यावर उपाय सोपा आहे. फळ आडवे कापून हाताने किंवा लाकडी पिळणीने पिळावे, सालीपर्यंत दाबू नये, बिया आधीच टोकराव्यात, आणि रस अर्ध्या तासाच्या आत पिऊन टाकावा. साखर घालण्याची गरज नाही. मोसंबीचा रस घरी बाटलीत भरून ठेवण्याच्या नादी लागू नये. जालना, छत्रपती संभाजीनगर भागात बागायतदारांच्या घरी हा प्रयोग झालेला मी पाहिला आहे. साखर गेली, गॅस गेला आणि शेवटी बाटल्या उकिरड्यावर रिकाम्या झाल्या.

कैरीचे पन्हे

उन्हाळ्यात पोरांसाठी याच्यासारखे पेय नाही. कैऱ्या देठाजवळ कापून चीक निथळू द्यावा, नाहीतर घशाला खवखवते. धुऊन पाण्यात शिजवाव्यात किंवा चुलीच्या निखाऱ्यात भाजाव्यात. भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला चव वेगळीच येते. साल काढून गर कुस्करावा, गाळणीवर चोळून रेषा काढाव्यात. एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ, चिमूट-दोन चिमूट मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, असल्यास वेलदोडा. गूळ विरघळेपर्यंत मंद आचेवर ढवळावे आणि उतरवावे. थंड झाल्यावर कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस ठेवता येते. फ्रिज नसेल तर एका दिवसापुरताच गर शिजवावा. मोठा चमचाभर गर पेलाभर पाण्यात कालवला की पन्हे तयार.

गूळ घातला म्हणून पन्हे वाटेल तितके प्यावे, असे नाही. गुळात थोडेफार क्षार असतात एवढेच. बाकी तीही साखरच.

चिंचेचे सार आपल्याकडे होतेच. तेच पातळ करून, गूळ-मीठ घालून थंड दिले तर पोरं आवडीने पितात. कवठाचा गर मात्र मुलांना पाण्यात कालवून देण्यापेक्षा गूळ घालून चमच्याने खायला द्यावा.

लिंबाचा पाक, पावसाळ्यात करून ठेवण्याचा

लिंबाचा बाजार आपण सगळे जाणतो. एप्रिल-मे महिन्यात दोन लिंबांना जो भाव मिळतो, त्यात पावसाळ्यात डझनभर येतात. झाडाला जास्त माल येतो तोच पावसाळ्यात. तेव्हा पुढच्या उन्हाळ्याची सोय त्या वेळी करावी.

पिवळी, पातळ सालीची लिंबे धुऊन, फडक्याने पुसून कोरडी करावीत. रस काढून गाळावा. रसाच्या वजनाच्या दुप्पट साखर घ्यावी: रस अर्धा किलो, तर साखर एक किलो. दोन्ही काचेच्या बरणीत घालून, तोंडाला फडके बांधून उन्हात ठेवावे, रोज कोरड्या लाकडी चमच्याने ढवळावे. साखर विरघळायला आठेक दिवस लागतात. पावसाळी आभाळ असेल तर नुसते घरात ठेवून ढवळले तरी विरघळते, दिवस जास्त लागतात एवढेच. सगळी विरघळली की घट्ट झाकण लावून अंधाऱ्या जागी ठेवावे. महिने गेले की रंग तपकिरी होतो, जीवनसत्त्वही काही कमी होते, चव मात्र टिकते.

हा पाक टिकतो कशाने, हे समजून घ्या, म्हणजे बिघडणार नाही. साखर इतकी दाट असते की जंतूंना आणि बुरशीला लागणारे पाणी ती धरून ठेवते. शिवाय लिंबाचा आंबटपणा असतो. साखर महाग म्हणून निम्मी घातली, की हा बंदोबस्त मोडतो आणि पाक फसफसतो. ओला चमचा घातला तरी तेच: जिथे पाणी पडले तिथे साखर पातळ झाली आणि बुरशीला जागा मिळाली. फसफसलेला, बुडबुडे आलेला, दारूसारखा वास येणारा पाक उकळून सुधारत नाही, तो टाकावा. टिकवण्याची पावडर घरच्या वापरासाठी घालायची गरज नाही. काही दमेकरी मुलांना तिने धाप लागते.

चहाचे दोन-तीन चमचे पाक, पेलाभर पाणी, चिमूटभर मीठ. मुलासाठी याहून गोड करू नये.

रक्त कमी असलेल्या मुलासाठी

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची शंभरपैकी सुमारे ६९ मुले रक्तक्षयी आढळली. बाजरी, पालेभाज्या, डाळी यांत लोह असते, पण ते पोटात सहजी शोषले जात नाही. जेवणाबरोबर आंबट फळ असेल तर जास्त शोषले जाते, कारण त्यातले क जीवनसत्त्व. म्हणून भाजीवर, वरणावर लिंबू पिळा, जेवणानंतर आवळ्याची किंवा पेरूची फोड द्या. पेरूत हे जीवनसत्त्व संत्र्याच्या चौपटीहून अधिक असते, आणि बांधावर पेरू असला तर फुकट मिळतो! याउलट जेवणाला लागून चहा दिला तर लोह शोषले जाणे कमी होते. पोरांना भाकरीबरोबर चहा देण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. तेवढा एक चहा बंद करून त्या जागी लिंबू आणले, तरी बाजरीतले लोह अंगी लागायला मदत होईल. रक्त फार कमी असेल तर आरोग्य केंद्रातल्या गोळ्या-औषधाला पर्याय नाही.

जुलाब लागले तर रस नको

पोराला जुलाब झाले की मोसंबीचा रस आणायला माणूस धावतो. हे करू नये. गोड रसातली साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. अशा वेळी क्षारसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी द्यावी. आशाताईंकडे आणि अंगणवाडीत चौकशी करावी. पाकिटावर लिहिले असेल तितक्याच उकळून गार केलेल्या पाण्यात, बहुधा एक लिटर, पूर्ण पुडी विरघळवावी. पुडी हाताशी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आईचे दूध आणि नेहमीचे अन्न चालू ठेवावे. झिंकच्या गोळ्याही मिळतात, त्या जुलाब थांबले तरी सांगितलेले १४ दिवस द्याव्यात. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचातून रक्त पडले, तर पत्र लिहीत बसू नये, दवाखाना गाठावा.

औषध दुकानात खोक्यात मिळणाऱ्या काही गोड पेयांवर पूर्वी ओआरएस अशी अक्षरे असत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पेयाच्या नावात ती अक्षरे वापरण्यास मनाई केली. जुना माल कुणी हातात दिला तर घेऊ नका, पुडी मागा.

शाळेच्या बाटलीत सरबत भरून द्यावे का, असे काही पत्रांत विचारले आहे. सकाळी सातला भरलेली प्लॅस्टिकची बाटली दहाच्या सुट्टीपर्यंत उन्हात तापते, सरबत आंबते, आणि त्या बाटलीचे टोपण आतून रोज कोण घासतो? बाटलीत साधे पाणी द्यावे. दप्तरात एक पेरू किंवा मूठभर बोरे टाकावीत. घरी आल्यावर पन्हे आहेच.